यादीतले शेवटचे नावही मनापासून लिहा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, ‘एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल?’ मामा, क्लासचे सर, शेजारचा तिसऱ्या वर्षाला असलेला दादा, मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या, सगळे एकाच वेळी बोलू लागतात. ज्याला पुढची चार वर्षे काढायची आहेत, त्याचे म्हणणे मात्र या गलक्यात मागे पडते. त्यानंतर येतो विकल्प अर्ज. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजेच कॅपमध्ये, कोणत्या महाविद्यालयातली कोणती शाखा तुम्हाला कोणत्या क्रमाने हवी आहे, हे या अर्जात लिहून द्यायचे असते.

बहुतेक घरांत पहिल्या चार-पाच नावांवर आठवडाभर वाद चालतो आणि खालची तीस-चाळीस नावे शेवटच्या रात्री घाईघाईत भरली जातात. जागा मात्र पुष्कळदा त्या खालच्या नावांतूनच मिळते. मग ‘इथे नाव लागेल असे वाटलेच नव्हते’ म्हणत मूल नाराजीने पहिल्या दिवशी वर्गात बसते. हे टाळता येते. त्यासाठी एक नियम स्वतःला घालून घ्या. जिथे नाव लागले तर आपण खरोखर जाणार आहोत, असेच नाव यादीत लिहायचे आणि शेवटच्या नावाचा विचार पहिल्या नावाइतकाच मनापासून करायचा. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. घराच्या आसपास राहून शिकण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना तो विशेष उपयोगी पडावा.

संगणक तुमची यादी कशी वाचतो?

जागावाटप गुणवत्ता यादीच्या क्रमाने होते. तुमचा क्रमांक आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या विकल्पात तुम्ही पात्र असलेली जागा शिल्लक असेल तर ती देतो, नसेल तर दुसरा विकल्प पाहतो. म्हणजे वर अवघड नावे लिहिली म्हणून खालच्या नावांतली तुमची संधी कमी होत नाही. ‘पहिल्याच नंबरला मोठे कॉलेज टाकले तर बाकीची हातची जातील’ ही भीती अनेक पालकांच्या मनात असते. तिला आधार नाही. यादी आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच लिहावी.

इथे एक महत्त्वाची अट मात्र आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यांत ‘ऑटो फ्रीझ’चा नियम आधीपेक्षा कडक होता. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो प्रवेश घेणे बंधनकारक होते. तो नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिली सहा नावे ‘बघू, लागले तर लागले’ अशा वृत्तीने लिहू नका. पहिल्या नावाला तर स्वतःला स्पष्ट विचारा, हे उद्या मिळाले तर मला दुसरे काही पाहावेसे वाटेल का? वाटणार असेल, तर ते नाव पहिले नाही.

प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, दरवर्षी माहिती पुस्तिका प्रसिद्ध करतो. ती स्वतः वाचा, मुलाबरोबर बसून वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या सारांशावर चार वर्षे सोपवू नका.

कट-ऑफ वाचायची रीत

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी साधारण नव्वद जण तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे एकाच पर्सेंटाइलला यंदा आणि गेल्या वर्षी वेगवेगळा मेरिट क्रमांक पडू शकतो. सीईटी सेलच्या कट-ऑफ यादीत मेरिट क्रमांक आणि पर्सेंटाइल असे दोन्ही आकडे छापलेले असतात. तुलना करताना दोन्ही पाहा आणि एका वर्षावर न थांबता निदान मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवा. एखाद्या शाखेचा कट-ऑफ तीन वर्षे सरळ चढत असेल, तर यंदा तो आणखी वर जाईल असे धरून चाला.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या रकान्यातला कट-ऑफ पाहा. यादीत प्रत्येक जागेला इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. पहिले अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींसाठीची जागा हे सांगते, मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात आणि शेवटचे अक्षर जागेचे क्षेत्र. ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ, ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. एकाच महाविद्यालयात, एकाच शाखेत या तीन अक्षरांचे कट-ऑफ बरेच वेगळे असू शकतात. ओळखीच्या मुलाला अमुक पर्सेंटाइलला जागा मिळाली, हे ऐकून आनंदून किंवा खचून जाण्याआधी त्याला कोणत्या रकान्यातून मिळाली, ते विचारा.

घराजवळ शिकू इच्छिणाऱ्यासाठी गृह विद्यापीठ हा कळीचा मुद्दा आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेक मुलांचे गृह विद्यापीठ बारावी कुठल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून उत्तीर्ण झाले, यावर ठरते. सांगलीचा मुलगा बारावीसाठी लातूरला राहिला असेल, तर त्याचे घर शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात असले तरी गृह विद्यापीठ नांदेडचे ठरू शकते. अशा मुलाने सांगली-कोल्हापूरच्या ‘एच’ रकान्यावर भरवसा ठेवून यादी केली, तर पहिल्या फेरीतच धक्का बसतो. आपला उमेदवारीचा प्रकार आणि गृह विद्यापीठ नोंदणीनंतर आपल्या खात्यात दिसतात. ते तपासल्याशिवाय यादीला हात घालू नका.

घराजवळ म्हणजे नेमके किती जवळ?

घराजवळ शिकायचे ठरवणे ही काही कमीपणाची गोष्ट नाही. घरचे जेवण, आजारपणात जवळ असलेली माणसे, वाचलेला राहण्याचा खर्च, आजी-आजोबांची किंवा शेतीची घरातली जबाबदारी, ही सगळी खरी कारणे आहेत. ती मोकळेपणाने मांडावीत. फक्त ‘जवळ’ हा शब्द किलोमीटरमध्ये मोजू नये, वेळेत मोजावा.

घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो? गाडी किती ठिकाणी बदलावी लागते? सकाळी प्रयोगशाळा आठ वाजता असेल तर पहिली एसटी मिळते का? संध्याकाळी उशिरा प्रोजेक्टचे काम संपले तर शेवटची गाडी कधी? पावसाळ्यात रस्ता बंद होतो का? कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठच्या गावांना हा शेवटचा प्रश्न नवा नाही. रोज जाऊन-येऊन तीन तास जात असतील, तर सहा दिवसांच्या आठवड्यात अठरा तास रस्त्यावर जातात. तेवढ्या वेळात एक विषय नीट तयार होतो. म्हणून साठ किलोमीटरवरून रोज ये-जा करण्यापेक्षा त्याच गावात वसतिगृहात राहून शनिवारी घरी येणे अनेकांना जास्त मानवते. तेही घराजवळच शिकणे आहे.

कागदावर तीन वर्तुळे काढा. पहिल्यात रोज ये-जा करता येईल अशी महाविद्यालये, दुसऱ्यात वसतिगृहात राहून दर आठवड्याला घरी येता येईल अशी आणि तिसऱ्यात महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणे जमेल अशी. तिसरे वर्तुळ रिकामे ठेवू नका. घरापासून दूर जायचेच नाही असे ठरवलेल्या मुलांनाही निदान तीन-चार नावे तिथे लिहायला लावा. निकालानंतर मन बदलते आणि एखादी शाखा फक्त दूरच मिळते, असेही होते.

स्वप्नातली, आवाक्यातली, खात्रीची

आता त्याच नावांना दुसऱ्या बाजूने पाहा. मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ आणि तुमचा मेरिट क्रमांक समोरासमोर ठेवले की प्रत्येक विकल्प तीन गटांपैकी एकात बसतो.

स्वप्नातले विकल्प म्हणजे जिथे तिन्ही वर्षे कट-ऑफ तुमच्या थोडा वर राहिला. शेवटच्या फेऱ्यांत जागा सरकतात, त्यामुळे शक्यता शून्य नसते. आवाक्यातले म्हणजे जिथे तिन्ही वर्षांचे आकडे तुमच्या आसपास घुटमळतात, कधी थोडे वर, कधी थोडे खाली. खात्रीचे म्हणजे जिथे तिन्ही वर्षे, पहिल्याच फेरीत, तुमच्यापेक्षा बरेच मागे असलेल्यांनाही जागा मिळाली.

समतोल यादीत तिन्ही गटांतले विकल्प असतात आणि सगळ्यांत मोठा वाटा आवाक्यातल्या नावांचा असतो. अर्जात ३०० पर्यंत विकल्प भरता येतात, पण घराच्या परिसरात शिकू पाहणाऱ्या मुलाला तेवढ्यांची गरज क्वचितच पडते. दहा-बारा महाविद्यालये आणि प्रत्येकी तीन-चार शाखा धरल्या, तर तीस-चाळीस विकल्पांची चांगली यादी होते. मुलगा किंवा मुलगी एकाच शाखेवर ठाम असेल, तर महाविद्यालयांची संख्या वाढवा. महाविद्यालयाबद्दल ठाम असेल, तर शाखांची वाढवा. दोन्हींबद्दल ठाम राहून यादी छोटी ठेवणे धोक्याचे.

खात्रीच्या गटाबद्दल एक कळकळीची विनंती. या गटातली नावे निवडताना जास्त वेळ द्या. वरच्या नावांबद्दल माहिती आपोआप कानावर येते. खात्रीच्या महाविद्यालयांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून तिथे आपल्याला स्वतः जाऊन पाहावे लागते. त्यांतही चांगले शिक्षक, नेटकी प्रयोगशाळा, मनापासून काम करणारा एखादा विभाग सापडतो. तो शोधून काढणे हेच यादी करण्यातले खरे काम आहे.

एक नमुना: तासगावची विद्यार्थिनी

समजा, सांगली जिल्ह्यातल्या तासगावची एक मुलगी आहे. बारावी तासगावलाच झाली, गृह विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ. तिला संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स हवे आहे आणि शक्यतो घरापासून फार लांब जायचे नाही.

तिचे पहिले वर्तुळ सांगलीच्या दिशेने पडते. तासगाव रस्त्यावरच बुधगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे सांगलीत विश्रामबागला १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राज्यभरातून मुले तिथे येण्याची धडपड करतात, त्यामुळे अंतराने जवळ असले तरी कट-ऑफने ते बहुतेकांच्या स्वप्नातल्या गटात जाते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. घराजवळचे महाविद्यालय म्हणजे सहज मिळणारे महाविद्यालय, असे समीकरण नसते.

दुसऱ्या वर्तुळात आष्टा, वाळवा तालुक्यातले राजारामनगर, कराडचे शासकीय महाविद्यालय, वारणानगर, इचलकरंजी, यड्राव आणि कोल्हापूर येतात. आष्ट्याला किंवा राजारामनगरला रोज जायचे तर बहुधा सांगलीत गाडी बदलावी लागेल, म्हणून वसतिगृहाची चौकशी आधीच करायची. तिसऱ्या वर्तुळात सातारा, सोलापूर आणि पुणे.

आता ती शाखा ठरवते. सगळीकडे फक्त संगणक असे न लिहिता संगणक, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व विदा विज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार आणि इलेक्ट्रिकल अशी तिची उतरंड आहे. वालचंदमधले इलेक्ट्रिकल आणि दुसऱ्या वर्तुळातल्या एखाद्या महाविद्यालयातले संगणक यांतले वर काय लिहायचे, हा प्रश्न तिला पडेल. याचे एकच उत्तर नाही. इलेक्ट्रिकलचा अभ्यास तिला आवडणार असेल, तर संस्थेला झुकते माप द्यावे. विषयच नको असेल, तर नावासाठी चार वर्षे तो विषय ओढू नये. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची सोय काही ठिकाणी असते, पण ती रिकाम्या जागांवर आणि गुणांवर अवलंबून असते. तिच्या भरवशावर नावडती शाखा घेऊ नये.

शेवटी ती प्रत्येक विकल्पापुढे दोन खुणा करते, वर्तुळ कोणते आणि गट कोणता. खुणा करून झाल्यावर तिला दिसते की स्वप्नातली नावे बरीच आहेत, आवाक्यातली मध्यम आणि खात्रीची दोनच, तीही पुण्याची. म्हणजे यादी कलली आहे. घराजवळ राहायचे असेल, तर पहिल्या दोन वर्तुळांतली आणखी तीन-चार खात्रीची नावे तिला शोधावी लागतील. ही उणीव निकालाच्या आठवड्यात कळली तर दुरुस्त करता येते. जागावाटपाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

एक दिवस महाविद्यालयात

पहिल्या दोन वर्तुळांतल्या महाविद्यालयांना प्रत्यक्ष भेट द्या. जवळचे निवडण्याचा हा मोठा फायदा आहे, एका दिवसात दोन ठिकाणे पाहून होतात. प्रवेश कक्षातल्या माहितीवर थांबू नका. विभागात जा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोला. त्यांना हे प्रश्न विचारा. तास नियमित होतात का? प्रयोगशाळेत यंत्रे चालू स्थितीत आहेत का? प्राध्यापक सतत बदलतात का? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? मुलींच्या वसतिगृहात नियम कसे आहेत आणि ते कोण पाळायला लावते?

नोकऱ्यांबद्दल विचारताना सर्वांत मोठे पॅकेज विचारू नका. ते एका मुलाचे असते. तुमच्या शाखेतून किती जणांनी नोंदणी केली, किती जणांना काम मिळाले, मधल्या मुलाला किती पगार मिळाला आणि त्याच कंपन्या दरवर्षी येतात का, हे विचारा. नीट चालणारा विभाग या प्रश्नांची उत्तरे कागदावर देतो.

मान्यतांचाही अर्थ समजून घ्या. एआयसीटीईची मान्यता ही मूलभूत गरज आहे. नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते आणि एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. म्हणजे महाविद्यालयाच्या फलकावर एनबीए लिहिले असले, तरी तुमच्या शाखेला ती आहे का हे वेगळे विचारावे लागते. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. ते चांगल्या हातांत असेल तर अभ्यासक्रम वेगाने अद्ययावत होतो, नसेल तर फक्त परीक्षा सोप्या होतात. फरक विद्यार्थ्यांशी बोलूनच कळतो.

पैशांचा हिशेब आधीच मांडा

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहता येते. वार्षिक शुल्काच्या जोडीने वसतिगृह, खाणावळ, प्रवास, पुस्तके आणि संगणक असा चार वर्षांचा आकडा प्रत्येक वर्तुळासाठी मांडा. कधी जवळच्या महागड्या महाविद्यालयापेक्षा थोडे लांबचे शासकीय महाविद्यालय स्वस्त पडते, कधी उलटे.

सवलतींचा विचार यादी करण्याआधी करा. शिक्षण शुल्क माफी योजनेत, म्हणजे टीएफडब्ल्यूएसमध्ये, मंजूर जागांच्या ५ टक्के इतक्या जादा जागा असतात. पालकांचे उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल तर विद्यार्थी या जागांसाठी पात्र ठरतो. या जागांचा संकेतांक वेगळा असतो, म्हणून त्या यादीत स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. अनेक मुले हे विसरतात. या योजनेत शिक्षण शुल्क माफ होते, विकास शुल्क वगैरे भरावे लागते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. अनेक घरांत मुलीसाठी घाईने व्यवस्थापन कोट्यातली जागा पक्की केली जाते आणि मोठी सवलत हातची जाते. त्याआधी कॅपच्या सर्व फेऱ्या नीट तपासून पाहा.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, घराबाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजनांच्या अटी वाचून ठेवा. त्यांमुळे दुसरे आणि तिसरे वर्तुळ आवाक्यात येऊ शकते. पैशांअभावी चांगले नाव यादीतून खोडण्याआधी ही दारे ठोठावून पाहिलीच पाहिजेत.

कागदपत्रे आणि सारखी नावे

जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतले नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे सगळे हातात आहे का? प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत सादर झाले नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो. म्हणून प्रमाणपत्र अजून यायचे असेल, तर खुल्या प्रवर्गाच्या कट-ऑफवरही एकदा यादी तपासा आणि त्या हिशेबानेही खात्रीची चार नावे खाली असू द्या.

संकेतांक भरताना नावावर जाऊ नका, शहर आणि संकेतांक वाचा. वालचंद नावाचे एक महाविद्यालय सांगलीत आहे, दुसरे सोलापुरात. डी. वाय. पाटील नावाची महाविद्यालये कोल्हापूर, तळसंदे, आकुर्डी, पिंपरी अशी पसरलेली आहेत. भारती विद्यापीठाचे कोल्हापूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय कॅपमध्ये येते, पण पुण्याच्या धनकवडीतले अभिमत विद्यापीठाचे आहे आणि त्याची प्रवेश प्रक्रिया वेगळी आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा विचार असेल, तर त्यांचे अर्ज, तारखा आणि शुल्क यांची वेगळी वही ठेवा.

अर्ज भरून झाला की तो निश्चित करा. निश्चित न केलेला अर्ज विचारात घेतला जात नाही. छापील प्रत काढून घरातल्या दोघांनी प्रत्येक ओळ वाचून पाहा. पासवर्ड आणि ओटीपी कोणत्याही सल्लागाराला किंवा नेट कॅफेवाल्याला देऊ नका. ही यादी तुमची आहे, तिची किल्लीही तुमच्याकडेच राहू द्या.

पुढच्या फेऱ्यांत काय बदलते?

पहिल्या फेरीत मिळालेली जागा ऑटो फ्रीझमध्ये बसत नसेल, बरी वाटली, पण याहून चांगली मिळावी असे वाटले, तर ती धरून ठेवून पुढच्या फेरीत जाता येते. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते. म्हणून त्या फेरीच्या अर्जात हातातल्या जागेपेक्षा तुम्हाला खरोखर जास्त हवे असलेलेच विकल्प लिहा. जुनी लांबलचक यादी तशीच पुन्हा भरली, तर हातातली जागा जाऊन तिच्यापेक्षा नकोशी जागा गळ्यात पडू शकते.

पालकांशी चार शब्द

तुमची काळजी प्रेमातूनच येते. तुम्ही खर्च पेलणार आहात, मुलीला रात्री उशीर झाला तर तुमचाच जीव टांगणीला लागणार आहे. म्हणून तुमच्या अटी यादी करण्याच्या पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. किती खर्च झेपेल, घराबाहेर राहायला परवानगी आहे का, असल्यास कुठवर, हे अर्धा तास बसून बोलून घ्या. नाव लागल्यावर ‘एवढ्या लांब नको’ म्हणणे हा मुलावर अन्याय आहे, कारण तोवर बाकीची दारे बंद झालेली असतात.

भावाच्या मुलाला कुठे मिळाले, याची तुलना घरात आणू नका. त्याचा प्रवर्ग, गृह विद्यापीठ, आवड आणि वर्ष, सगळे वेगळे असते. मुलीला ‘जवळच शिक’ आणि मुलाला ‘पुण्याला जा’ असा दुजाभाव करत असाल, तर तोही तपासून पाहा. घराजवळ राहण्याचे कारण सोय असावे, बंधन नसावे.

यादीच्या बाहेरही एक वाट मोकळी ठेवा. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातली बी.एस्सी., वेगळ्या सीईटीतून मिळणारे बीसीए, असे पर्याय वेळेत तपासून त्यांचे अर्ज भरून ठेवा. सांगलीचे विलिंग्डन किंवा कोल्हापूरचे राजाराम यांसारख्या जुन्या महाविद्यालयांतून शिकून मुले संशोधनापासून संगणक क्षेत्रापर्यंत पोहोचलेली आहेत. अभियांत्रिकी मिळाली नाही म्हणून वर्ष वाया गेले, असे समजण्याचे कारण नाही.

अर्ज निश्चित करण्याच्या आदल्या दिवशी एक काम करा. यादी मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि शेवटच्या नावापासून वर वाचायला सांगा. प्रत्येक नावाशी थांबून एकच प्रश्न विचारा, ‘इथे नाव लागले तर पहिल्या दिवशी तू मनाने जाशील का?’ ज्या नावाला उत्तर ‘नाही’ येईल ते खोडा आणि त्या जागी शोधून, पाहून, विचारून दुसरे लिहा. सगळ्या नावांना ‘हो’ आले की यादी तयार झाली. त्यानंतर निकाल कोणताही लागो, मूल आपण स्वतः निवडलेल्या ठिकाणीच जाणार आहे आणि शिकायला लागायला एवढे बळ पुरेसे असते.